खालच्या पट्टीतली गाणी

लासूर स्टेशनच्या तनुजा खिल्लारेचं पहिल्या अल्बमनं नाव झालं ते तिच्या उंच आवाजामुळं. शब्द तिचे, चालीही तिच्याच. पण लोकांच्या लक्षात राहिली ती वर जाऊन तिथंच रेंगाळणारी तान. दुसरा अल्बम करायचं ठरलं आणि त्याच हिवाळ्यात तिच्या गळ्यातली थायरॉईडची गाठ काढावी लागली.

जखम भरली, बोलणंही पूर्ववत झालं. पण वरचा सूर लावायला गेलं की आवाज फाटायचा. डॉक्टर म्हणाले, "येईलही परत. पण मी शब्द देत नाही."

तिच्या गाण्यांना साज चढवायचा तो कॉलेजातला मित्र अभय. शहरात, सिडको वसाहतीतल्या घराच्या गच्चीवर त्यानं स्टुडिओ थाटला होता. आजारपणाआधी लिहिलेली गाणी दोघांनी रेकॉर्डिंगला घेतली. जिथं तिचा आवाज पोचेना, तिथं अभय कॉम्प्युटरवर सूर वर ओढून द्यायचा. ऐकणाऱ्याला कळलं नसतं. तनुजा मात्र हेडफोन काढून ठेवायची आणि पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर जाऊन उभी राहायची.

एका रविवारी ती लासूरला गेली. आई, सत्यभामा, मेथी निवडत बसली होती. तनुजानं फोनवर नवं गाणं लावलं. आईनं शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं म्हणतीय. कोण हाय ही?"

तनुजानं फोन उलटा ठेवला.

"तूच का?" आईनं जुडी खाली ठेवली. तेव्हा कुठं तनुजानं सांगितलं, की वरचे सूर गेले. आईपासूनही तिनं ते लपवलं होतं. आईनं जुडी परत उचलली. मग म्हणाली, "गेले तर गेले माय. खाली काय हाय ते बघितलं का?"

ते तिनं बघितलंच नव्हतं.

सोमवारी तिनं अभयला सगळं रेकॉर्डिंग बाजूला ठेवायला सांगितलं. तो चिडला.

"अगं, लोक त्या तानेसाठीच तर ऐकतात तुला."

"ती तान आता माझ्याकडं नाय, अभय. मशीनकडं आहे."

तो बरेच दिवस बोलला नाही. तिनं एकटीनंच गिटार घेतली, पट्टी उतरवली. जुन्या ओळी तिथं बसेनात. खालच्या सुरात शब्द लांबवता येत नव्हते, ते नीट सांगावेच लागत होते. मग तिनं ऑपरेशननंतरच्या मुक्या दिवसांवर लिहिलं, भीतीवर लिहिलं. अभयला पाठवलं. संध्याकाळी तो दारात हजर.

"ढोलकी-बिलकी काही नको याला," एवढंच म्हणाला.

अल्बम आला. पहिल्याच्या मानानं फार कमी लोकांनी ऐकला. 'जुनी तनुजा कुठं गेली?' असं कित्येकांनी लिहिलं. तिला वाईट वाटलं. आपल्याला फरक पडत नाही असं तिनं कुणाला भासवलंही नाही.

पुढं पैठणला एका कार्यक्रमात ती नवी गाणी गायली. शिट्ट्या नाहीत, आरडाओरडा नाही. आवडलं नाही वाटतं, म्हणून तिनं गाता गाता डोळे उघडून समोर पाहिलं. एकाच्याही हातात फोन नव्हता. माणसं नुसती ऐकत बसली होती. तिनं कडवं संपवलं आणि पुढचं घेतलं.