कल्लाप्पाच्या भट्टीचा सांधा

"मिस्त्री, सांध्यात माती कुठं घातलीसा?" गंगाक्का कुंभारीण कुंपणापलीकडून म्हणाली.

मी कल्लाप्पाच्या परड्यात भट्टीच्या घुमटावर वाकून चावीचा दगड ठोकत होतो. चावीचा दगड म्हणजे माथ्यावरचा शेवटचा. तो बसला की खालचा लाकडी साचा काढला तरी घुमट उभा राहतो. अशा वेळी गवंड्याशी कुणी बोलू नये. त्यातून ही मला गवंडीकाम शिकवणार.

"माती गाडग्याला लागती, आक्का. हे दगडाचं काम हाय."

"जाळ दोघास्नी सारखाच लागतोय की. सांध्यात बोटभर माती ठेवा. तापून दगड फुगला तर जाईल कुठं?"

"दगड फुगतोय व्हय? भाकरी हाय काय ती?"

कल्लाप्पा हसला. मीही हसलो. गंगाक्का आत गेली.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. कल्लाप्पा वडगावचा विणकर. सूत मिळेना म्हणून त्याचा हातमाग वर्षभर बंद पडला होता. पोटासाठी तो बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे लष्कराच्या छावणीत, एका बेकरीत कणीक तुडवायला जायचा. मालक तोंडाचा लई घाण. तिथं राहून कल्लाप्पा पाव भाजायला शिकला आणि कॅम्पातल्या एका मेसच्या हवालदाराशी त्यानं ओळख केली. हवालदार म्हणाला, स्वतःची भट्टी असेल तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून रोजचा पाव तू आण. सोमवार हुकला तर ऑर्डर दुसऱ्याला. कल्लाप्पानं दुसऱ्याच दिवशी बेकरी सोडली आणि उचगावला माझ्या दारात येऊन उभा राहिला.

पावाची भट्टी म्हणजे बुटका घुमट. आत लाकूड पेटवायचं, दगड तापवायचे, मग निखारे ओढून काढायचे आणि उरलेल्या धगीवर पाव भाजायचा. काम अवघड नाही. पण मी आयुष्यभर कॅम्पातल्या बंगल्यांच्या कमानी बांधलेल्या. तिथला इंजिनिअर सांध्यात चाकूचं पातं घालून बघायचा. पातं शिरलं की काम उतरवायला लावायचा. माझ्या सांध्यात कधी शिरलं नाही. चार लोकांपुढं त्यानं माझी पाठ थोपटलेली. मी कौतुकाला चटावलो होतो, दुसरं काय! जिथं नुसती काजळी बसायची, त्या भट्टीच्या आतल्या अंगालाही मी काळा दगड टाकीनं घडवून, दगडाला दगड भिडवून बसवला. गल्लीतली माणसं फिनिशिंग बघायला यायची. मी मुद्दाम हळूहळू काम करायचो.

रविवारी सकाळी पहिला जाळ घालायचा होता. कल्लाप्पानं सरपण म्हणून बंद पडलेला माग मोडला होता. बापाच्या हातचा माग. त्याचे खांब तोडून त्यानं भट्टीच्या तोंडाशी रचले. मी म्हणालो, "येवढं कशाला?" तर म्हणाला, "आता परत मागावर बसायचं न्हाय, मिस्त्री. ठरवलंय."

काडी ओढायच्या आधी त्यानं मला विचारलं, "गंगाक्का म्हणतीया, आठ दिवस थोडा थोडा जाळ घाला. काय करू?"

"आठ दिवस? आणि उद्याच्या सोमवारचं काय? ती गाडग्याचं बोलती. तू घाल मनासारखा."

त्यानं घातला. घरात त्याच्या बायकोनं काठवटीत पिठाचा गोळा फुगायला ठेवला होता. दुपार व्हायच्या आत भट्टीतून टक् असा आवाज आला. मग दुसरा. मग दगडाच्या कपच्या तोंडातून बाहेर उडायला लागल्या. कल्लाप्पा लाकूड ओढायला वाकला, मी त्याचा दंड धरून त्याला मागं खेचलं. घुमट मधोमध आत बसला. धूळ, राख, ठिणग्या. नशीब, कुणाला लागलं नाही.

आवाजानं गल्ली गोळा झाली. मी एक पडलेला दगड काठीनं उलटा केला. मधला भाग शाबूत होता, चुरडल्या होत्या नुसत्या कडा. म्हणजे तापून दगड केसभर फुगले, सरकायला जागा नव्हती, म्हणून एकमेकांना रेटून फुटले. एका नजरेत सगळं कळलं. कुंभारणीनं सांगितलं होतं तेच, शब्दाला शब्द.

आणि माझ्या तोंडातून काय बाहेर पडलं? "येवढा जाळ घालायला कुणी सांगितलं होतं रं?"

गंगाक्का पुढंच उभी होती. म्हणाली, "सांध्यात बोट तरी शिरत हुतं काय, मिस्त्री?"

"तू गाडगी बघ जा," मी म्हणालो. लोकांनी मिस्त्रीचं ऐकलं. कुंभारणीचं कोण ऐकतंय?

कल्लाप्पा खाली मान घालून म्हणाला, "तुम्ही मनासारखा म्हणालासा. मीच येड्यावानी घातला. चुकलं माझं." आत काठवटीतलं पीठ फुगून काठावरून जमिनीवर आलं होतं. त्याची बायको ते दोन्ही हातांनी आत लोटत बसली होती.

आमच्यात रीत आहे, काम पुरं झालं की मालक मिस्त्रीला नारळ देतो आणि पटका बांधतो. आठ दिवसांनी कल्लाप्पा दोन्ही घेऊन उचगावला आला. म्हणाला, "काम तुमचं चोख हुतं." मी पटका बांधून घेतला. लाज वाटली, पण डोकं पुढं केलं, हेही खरं.

ऑर्डर दुसऱ्याला गेली. कल्लाप्पा परत त्याच मालकाकडं कणीक तुडवायला गेला. माग तर जळालाच होता.

पुढं मी बेळगावात आणि निपाणीकडं कितीतरी भट्ट्या बांधल्या. सगळ्यांच्या सांध्यात बोटभर माती ठेवली. एकही फुटली नाही. धंद्यातला धडा एवढाच: तापणाऱ्या दगडाला सरकायला जागा द्यावी. लोक मला भट्टीवाला मिस्त्री म्हणायला लागले.

मधे एकदा कल्लाप्पानं निरोप धाडला, "परत बांधून द्या, या खेपेला जाळ कमी घालतो." मी वेळ नाही म्हणून कळवलं. वेळ होता. पण सांधा सैल ठेवावा लागला असता, आणि कल्लाप्पा शेजारी उभा राहून ते बघणार होता.