अर्धंच पाणी

टाकीकाकू माशांच्या टाकीसमोरून कधी पाठ फिरवून जात नसत. देवाच्या गाभाऱ्यातून बाहेर येतात तसं, उलट पावली मागे सरकायच्या. सगळी इमारत हसायची. मीही हसले, पण एकदाच.

धायरीत त्या माझ्या शेजारी राहायच्या. आयटीतली माझी पहिलीच नोकरी, पगार हातात खुळखुळत होता. मी हौसेनं पाणवनस्पतींची टाकी मांडली आणि रोपांसाठी खताची परदेशी बाटली आणली. काकूंनी ती उजेडात धरली. "चित्र सुरेख आहे हो. खत कुठंय?" मग त्यांनी मला लोणी काळभोरच्या खतांच्या दुकानात नेलं आणि शेतकरी ठिबकातून सोडतात ते पोटॅशियम नायट्रेट घ्यायला लावलं. "युरिया असलेलं काही आणू नकोस, मासे मरतील. बाकी रोपांना इंग्रजी वाचता येत नाही." आजही मी तेच घालते.

असं खत पाण्यात साठत जातं, म्हणून दर रविवारी पाणी बदलावं लागतं. काकू अर्धंच बदलायच्या. "टाकी ह्यांनी भरली आणि त्याच आठवड्यात गेले. अर्धं काढलं की अर्धं उरतं. मग त्याच्या अर्धं. संपेल कसं?" मी इंजिनिअर, पण गणितात खोट सापडेना. कधीकधी काचेवरचं शेवाळ आतून तळहाताएवढंच पुसलेलं दिसायचं. "मी नाही हो पुसलं," काकू सहज म्हणायच्या. भरदुपारी माझ्या अंगावर काटा यायचा.

एका दिवाळीत काकू बहिणीकडे गेल्या. आईला खूश करावं म्हणून त्यांच्या मुलीनं टाकी पार उपसली, घासली, ताज्या पाण्यानं भरली. परत आल्यावर काकूंनी त्या लखलखीत पाण्यात हात घातला आणि लगेच काढला. "छान केलंस हं," मुलीला म्हणाल्या. मग माझ्याजवळ येऊन पुटपुटल्या, "कुणी नाही गं आत." आणि टाकीकडे पाठ करून सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी त्या तांब्या घेऊन माझ्या दारात उभ्या. "तुझी टाकी मांडली तेव्हा मी माझ्या टाकीतलं पाणी ओतलं होतं ना, नवी टाकी लवकर रुळावी म्हणून? त्यातलं थोडं परत देतेस?"

मी तांब्या बुडवून दिला. त्यांनी तो पदराखाली घेतला आणि हलकेच म्हणाल्या, "अहो, चला घरी." दारापाशी थांबल्या, जरा बाजूला सरकल्या आणि कुणाला तरी आधी जाऊ दिलं.