चाकाखालचं लिंबू

आबांच्या गोठ्यात म्हशी नव्हत्या, मोटार होती. म्हशी विकल्यावर गोठा रिकामा झाला आणि बाहेर कडुनिंबाखाली उभी असलेली गाडी आत आली, ती तिथंच राहिली. पांढरी, गोल दिव्यांची, जड दारांची. वीसेक वर्षं बंद. मी हिंजवडीजवळच्या नेऱ्यात आबांच्या वरच्या दोन खोल्यांमध्ये भाड्याने राहायला आले, त्याच्या पहिल्याच सकाळी बघितलं, की आमचे हे घरमालक आंघोळ करून गोठ्यात जातात, गाडीच्या नाकासमोर उदबत्ती लावतात, बॉनेटवर क्षणभर हात ठेवतात आणि मगच चहाला येतात. मला हसू आलं होतं. खोटं कशाला सांगू?

दसऱ्याला तर जास्तच थाट. झेंडूचा हार, हळदकुंकू आणि पुढच्या दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू. आता लिंबू ठेवायचं ते गाडी त्यावरून जावी म्हणून. ही गाडी कुठं जाणार? दुसऱ्या दिवशी आबा दोन्ही लिंबं अख्खीच्या अख्खी उचलायचे आणि नदीत सोडून यायचे. इतक्या वर्षांत एकही लिंबू फुटलं नव्हतं.

गेल्या वर्षी गोठ्याची जागा विकली गेली. दसरा झाला की बिल्डरला ताबा द्यायचा होता. आबांच्या मुलानं सरळ सांगितलं, गाडी भंगारात द्या, मेलेलं लोखंड दारात ठेवणार नाही. आबा दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी बापलेकांत तोड निघाली. दसऱ्यापर्यंत गाडी स्वतःच्या इंजिनावर अंगणात आली, तर अंगणात राहील. नाही आली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याचा टेम्पो येईल. ढकलून आणलेली चालणार नाही, असंही मुलानं बजावलं.

"आली तवा बी आपल्या पायानं आली," आबा म्हणाले. "दारात बी आपल्याच पायानं यील."

गावातल्या कितीतरी नवऱ्या मुली त्या गाडीतून सासरी गेल्या होत्या आणि कितीतरी बाळंतिणी दवाखान्यात. आबाच चालवायचे. हे मला त्यांनी नाही, वाण्यानं सांगितलं.

बावधनच्या एका मेकॅनिकनं इंजिन मोकळं करून दिलं, नवी बॅटरी बसवली, टाकी धुऊन दिली. म्हणाला, इंजिन ठणठणीत आहे, फक्त पेट्रोल पोचत नाही, टाकीपासून पंपापर्यंतची नळी पार सडलीय. मग त्याला दुसरं मोठं काम लागलं आणि तो यायचा बंद झाला. दसरा बारा दिवसांवर. तेव्हा मी तोंड उघडलं.

मी परभणीची. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणणाऱ्यांतली. त्यात मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, वर्गात मुली आम्ही तिघीच. पुढं नोकरी मिळाली ती हिंजवडीत पडद्यासमोर बसायची आणि अठरा वर्षांत पान्याला हात लागला नाही, ही गोष्ट वेगळी. म्हटलं, आबा, नळीच जोडायचीय ना? त्यात काय एवढं?

काम दिसायला खरंच सोपं होतं. डिकीतल्या टाकीतून निघालेली नळी गाडीच्या पोटाखालून पुढं येते आणि इंजिनाला चिकटलेल्या वाटीएवढ्या पंपात शिरते. लांब पल्ला धातूच्या नळीचा. पण इंजिन थरथरतं, म्हणून जिथं जोड तिथं वीतभर रबरी नळी घालून वरून पट्टी आवळायची. मी तांब्याची नवी नळी आणली, कापली, वाकवली, गाडीखाली झोपून बसवली. रबरी नळीसाठी मात्र पुन्हा पुण्यात जायला हवं होतं. रविवारची दुपार, चांदणी चौकातली गर्दी, आणि माझा स्वभाव म्हणजे आत्ताच्या आत्ता. शेजारच्या बांधकामावर गवंड्यांची लेव्हल बघायची पारदर्शक नळी पडलेली होती. आतलं पेट्रोलही दिसेल, या विचारानं मी स्वतःवरच खूश होऊन तिचे तुकडे कापले.

आबांनी एक तुकडा बोटांत चोळला, नाकाला लावला आणि म्हणाले, ही पाण्याची नळी आहे, पेट्रोल सोसायची नाही.

"आबा," मी म्हटलं, "तुम्ही उसाला दारं धरा. नळीचं मी बघते."

त्यांनी टोपी सारखी केली आणि ते बाहेर जाऊन बसले. मी टाकीत पाच लिटर पेट्रोल ओतलं. पंपाला हातानं हलवायची एक छोटी पट्टी असते, ती मारत बसले. पेट्रोल निम्म्यापर्यंत यायचं आणि थांबायचं. कंटाळून सोडून दिलं. पुढचे दोन दिवस ऑफिस.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाली आले, तर आबा गोठ्याच्या दारात उलट्या घमेल्यावर बसलेले. गोठ्याची दोन्ही दारं सताड उघडी. कुणाला आत जाऊ देत नव्हते. मी वाकून बघितलं. गाडीखाली वाळू पसरलेली होती आणि वाळू ओली होती. माझी ती पारदर्शक नळी पिवळी पडून काडीसारखी कडक झाली होती आणि पट्टीपाशी तडकली होती. अजूनही थेंब येत होता.

आबांच्या हातात उदबत्तीचा पुडा होता.

"आज लावली न्हाई," ते म्हणाले. "वास आला."

मला समजायला एक क्षण लागला. इतकी वर्षं टाकी कोरडी होती. पेट्रोल भरलं मी, आणि रोज सकाळी या माणसाच्या हातात पेटलेली काडी असते, हे मला माहीत असून मी त्याला एका शब्दानं सावध केलं नव्हतं. त्यांचं नाक थोडं मंद असतं तर? मी तिथंच खाली बसले आणि रडले, चांगली हुंदके देऊन रडले. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, ऊठ, दिवस थोडे राहिलेत.

त्या दिवशी रजा टाकली. पुण्यातून पेट्रोलचीच काळी रबरी नळी आणली, सगळे जोड नव्यानं केले. आता थेंबही गळत नव्हता. आणि तरीही पेट्रोल वर चढेना! मी पंपाला नावं ठेवायला सुरुवात केली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. आबा पंपावर वाकले.

"गळत न्हाई," ते म्हणाले, "पर हवा पितीया."

मग त्यांनी मला समजावलं. नदीवरच्या त्यांच्या पाणी ओढायच्या मोटारीचं असंच व्हायचं. ओढणाऱ्या पाइपात कुठं केसाएवढी फट राहिली, तर तिथून पाणी बाहेर येत नाही, हवाच आत जाते. मोटार नुसती फिरते आणि पाट कोरडा राहतो. तसले जोड त्यांनी उभा जन्म शोधले होते. मी डिप्लोमाला हे शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं, चांगले मार्क पडले होते. आणि गाडीखाली दोन दिवस झोपून मला ते आठवलं नव्हतं.

आम्ही नळी टाकीपासून आणि पंपापासून सोडवून रिकामी केली, पुसली, सुकू दिली. आबांनी दाढीचा साबण आणि ब्रश आणला, पाण्यात घोटून फेस केला आणि प्रत्येक जोडाला तो असा लावला, की बघत राहावं. मी पुढचं तोंड अंगठ्यानं दाबून धरलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस मागं जमिनीवर आडवा झाला आणि नळीत फुंकू लागला. जोरात नाही, चुलीत फुंकर घालतात तसं, सावकाश. माझ्या अंगठ्याखाली त्यांचा श्वास येऊन थांबला. गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास! तिसऱ्या जोडाच्या फेसात मोहरीएवढा बुडबुडा आला, मोठा झाला आणि फुटला. त्याच जागी दुसरा आला.

तो जोड मीच कापलेल्या टोकाचा होता. आबांनी बोट फिरवून दाखवलं. जुन्या नळीच्या टोकाला उंचवट्याची कड होती, माझं टोक सपाट. घागरीला दोर बांधतो तो काठाखाली, म्हणून निसटत नाही. काठच नसेल तर फास कशाला धरणार? इतकं साधं होतं. भूगावात फ्रिज दुरुस्त करणाऱ्या एकाकडून त्या टोकाला कड काढून आणली, रबरी नळी कडेच्या पलीकडं सरकवली, पट्टी कडेमागं आवळली. पुन्हा फेस लावला, आबांनी पुन्हा फुंकलं. फेस शांत राहिला.

दसऱ्याच्या सकाळी आबांनी हार घातला, दोन्ही लिंबं ठेवली. उदबत्ती नाही. त्यांचा मुलगा दारात हाताची घडी घालून उभा. मी पंपाची पट्टी मारायला लागले. पंपाच्या डोक्यावर एक छोटी काचेची वाटी होती, ती रिकामी. दहा झाले, वीस झाले, माझा अंगठा दुखायला लागला. आणि वाटीच्या तळाशी काहीतरी हललं. पेट्रोल आलं. टाकीतून निघून, सगळ्या गाडीच्या पोटाखालून सरपटत, सगळे जोड ओलांडून, चढ चढून आलं आणि काचेत हळूहळू वर यायला लागलं, सोनेरी आणि नितळ. आयुष्यभर मी पंपावर पेट्रोल भरलंय. बघितलं कधीच नव्हतं. आबांनी त्या वाटीला दुरूनच नमस्कार केला आणि ते गाडीत बसले.

पहिल्या दोन वेळा इंजिन नुसतं कण्हलं. तिसऱ्या वेळी खोकलं, काळा धूर सोडला, आणि लागलं. गोठ्याचे पत्रे थरथरले. मुलगा वळला, अंगणातली स्वतःची नवी गाडी त्यानं रस्त्यावर नेऊन लावली आणि जागा मोकळी केली. आबांनी गियर टाकला. गाडी एक हिसका देऊन पुढं आली, आणि दोन्ही लिंबं फचकन फुटली. तो आवाज इंजिनाच्या धडधडीतही मला ऐकू आला. मुलालाही आला असावा, कारण तो एकदम दुसरीकडं बघायला लागला.

अंगणात आल्यावर आबांनी इंजिन बंद केलं आणि ते गार होईपर्यंत कुणाला जवळ येऊ दिलं नाही. मग टोपी काढून ठेवली, वाकले, आणि पुढच्या जोडापासून टाकीपर्यंत एकेक जोडाचा वास घेत गेले. शेवटच्या जोडापाशी बराच वेळ थांबले. गाडीपासून चांगली दहा पावलं लांब, तुळशीपाशी त्यांनी उदबत्तीचं घर नेऊन ठेवलं, आणि पुडा आणि काडेपेटी माझ्या हातात दिली.

"आता तू लाव," ते म्हणाले.

पहिली काडी विझली. दुसरी लागली.