फिल्ममधून गळालेले चार सेकंद

म्हसवडचे नानासो शिंदे हवाई दलात होते म्हटलं की लोक विचारतात, "विमान चालवत व्हता?" नानासो खरं ते सांगून टाकतात, "न्हाई, पिच्चर दावायचो." मग विचारणाऱ्याचा रस आटतो.

एकाहत्तरच्या लढाईत ते पायलटांना सरकारी फिल्मा दाखवत. शत्रूचं विमान लांबून कसं ओळखायचं, पेटलेल्या विमानातून खुर्चीसकट उडून बाहेर कसं पडायचं. हिंमत वाढवणाऱ्या फिल्माही येत, पण तेवढ्यात पायलट चहा पिऊन घेत.

बाहेर पडायची फिल्म सगळ्यांत जुनी. प्रोजेक्टरमध्ये अडकली की दिव्यानं जळायची. जळका तुकडा कापायचा, टोकं चिकटवायची आणि पुढं चालू. असं करता करता, उडताना झटक्यानं मान मोडू नये म्हणून खुर्चीला मान टेकवून बसायचा चार सेकंदांचा भागच गळून गेला. नवी प्रत मागवली, ती काही आली नाही. तेव्हा त्या जागी नानासोच अंधारातून ओरडायचे, "साहेब, हितं मान मागं टेकवायची!" पायलट खो खो हसायचे.

एके दिवशी पुढच्या रांगेत हवाई तळाचे मोठे साहेब येऊन बसले. त्यांच्यासमोर ओरडायचं कसं? नानासो गप्प राहिले. आठवड्यानं जयराज कदम नावाच्या तरुण पायलटला जळत्या विमानातून बाहेर पडावं लागलं. जीव वाचला, पण मान मोडली आणि विमान चालवणं कायमचं सुटलं. तो त्या दिवशी हॉलमध्ये होता का, हे विचारायचं धाडस नानासोंना चोपन्न वर्षं झालं नाही. बायकोला, मनुबाईला, मात्र त्यांनी ते सांगून सांगून भंडावून सोडलं.

यंदा साताऱ्यातल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात पाहुणे म्हणून कदमसाहेब होते. "आवं, विचारा एकदाचं," म्हणत मनुबाईनं नानासोंना एसटीत बसवलं आणि स्वतःही बसली.

जेवणाच्या मांडवात नानासोंनी साहेबांना गाठून सगळं सांगितलं. साहेबांनी ताट खाली ठेवलं.

"होतो की मी त्या दिवशी. पण झोपलो होतो. पहाटेपासून उड्डाणं, अंधार झाला की डोळा लागायचाच. एरवी तुमच्या ओरडण्यानं जाग यायची."

नानासोंना आधी राग आला. आपण इकडं जन्मभर जिवाला खात बसलो आणि हा गडी घोरत होता! मग शेवटचं वाक्य डोक्यात शिरलं आणि त्यांनी हात जोडले.

"चुकलं माझं, साहेब."

"अहो, झोपलो मी. तुम्ही कसली माफी मागता?" साहेबांनी त्यांना शेजारी बसवलं आणि त्यांच्यासाठी ताट वाढायला सांगितलं.

परतीच्या एसटीत मनुबाईनं विचारलं, "काय म्हणले?"

नानासो म्हणाले, "चूक माझीच व्हती. पर निम्मी."