सरांना दिलेले दोन गुण

शिरवण्याच्या कारखान्यांमागे एका उंच शेडमध्ये आमचं सिम्युलेटर आहे. बाहेरून पांढऱ्या टाकीसारखं दिसतं, आत हुबेहूब विमानाचं कॉकपिट. वैमानिक पुढे बसतात. मी मागे, मांडीवर गुणपत्रिका घेऊन. प्रत्येक कामाला पाचपैकी गुण. तीनच्या खाली गेलं की उडणं तात्पुरतं बंद.

हे काम घेतल्यापासून कँटीनमध्ये माझ्याजवळ सहसा कोणी बसत नाही. राग नसतो. उद्या जिच्यासमोर परीक्षा द्यायची, तिच्याशी आज गप्पा काय मारणार?

गेल्या वर्षी माझे सर तपासणीला आले. मला विमान उतरवायला त्यांनीच शिकवलं होतं. धावपट्टी सोडता सोडता मी मागून बटण दाबून उजवं इंजिन बंद पाडलं. सरांनी विमान सांभाळलं, पण नाक जास्तच वर धरलं. वेग उतरू लागला. उजवीकडे बसलेला सहवैमानिक म्हणाला, "सर, स्पीड." मग मोठ्याने, "सर, स्पीड!" सर समोरच बघत राहिले. शेवटी त्याने दंडाला हात लावला, तेव्हा दचकले.

नंतर मी त्यांना एकट्यालाच खोलीत बसवलं.

"सर, तुम्हाला ऐकू आलं नव्हतं ना?"

"इंजिनचा आवाज होता गं त्या बाजूला."

"त्या बाजूचं तर मी बंद केलं होतं, सर."

"घरी माहीत नाही अजून. टीव्ही मोठा लावतो म्हणून बायको ओरडते, एवढंच."

"दोन द्यावे लागतील. आणि कान तपासायला पाठवावं लागेल."

"मग दे की. विचारतेस काय?"

त्यांनी सही केली. मी चहाचं विचारलं, तर म्हणाले, "नको. लोकांना वाटेल, मी गयावया केली."

कान खरंच गेले होते. सरांचं उडणं कायमचं सुटलं. मी दोनदा फोन केला, कोणी उचलला नाही. तिसऱ्यांदा, एका रविवारी, त्यांच्या पत्नीने उचलला. "ते हल्ली फोनवर बोलत नाहीत," म्हणाल्या.

ऐकू येत नाही म्हणून, की मी आहे म्हणून, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही. "बरं," म्हटलं आणि फोन ठेवला. सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच असते. दुपारचे बारा वाजले होते आणि पुढचा सगळा दिवस तसाच पडला होता.