डोंग्याचा धुरकरी

आश्विन लागला होता, तरी काळ्या मातीची वाट अजून गाडीची चाकं गिळत होती. म्हणून आम्ही पाचसहा जण डोंग्यात बसून नदीनं दक्षिणेकडे, पूर्णेकाठच्या बाजाराला निघालो.

पुढच्या टोकाला एक म्हातारा धुरकरी बसला होता. जन्म बैलगाडी हाकण्यात गेलेला, डोंग्यात पहिल्यांदाच. भीतीनं ओठ सुकलेले, तरी जिभेनं टक् टक् करत तो डोंगा हाकत होता. "चाल रे राजा!" या हाकांनी नावाडी वैतागला. मला तेव्हा शहाणपणाची खोड होती, विचारलं, "बाबाजी, बैल कुठं आहेत?"

"दिसून नाही राहिले म्हनून काय झालं? ओढून तं राहिले ना!"

नदी पूर्णेला मिळते तिथं डोंगा गर्रकन फिरला. आम्ही ओरडलो. म्हातारा मात्र समजावत होता, "धीरानं रे राजा, धीरानं!" त्या आवाजानं आम्हीच बैलांसारखे गप्प झालो आणि नावाड्यानं डोंगा सावरला.

उतरल्यावर म्हाताऱ्यानं गाठोड्यातला गुळाचा खडा तळहातावर घेतला आणि हात पाण्यात धरला. गूळ विरघळला. ओला हात धोतराला पुसत तो मला म्हणाला, "खाल्ला बरं त्यायनं!"