फिल्टरचा आवाज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही. पोटात ठेवून ठेवून थकलो, एवढंच.

नव्वदीच्या सुरुवातीला नारपोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली होती. वसईहून कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणायचो. दोन पट्टेरी मासे, आणि अखंड घुरघुरणारा एक फिल्टर. पाणी साफ ठेवणं हे त्याचं काम. त्याचा दुसरा फायदा मला हळूहळू कळला — कुणी हाक मारली आणि उठायचा कंटाळा असला, की म्हणायचं, फिल्टरच्या आवाजात ऐकूच आलं नाही. बायको चिडायची, पण तिला ते खरं वाटायचं.

आतल्या खोलीत अण्णा, माझे वडील. तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात लूमवर काढलेली, आता अर्धांगाने एक बाजू गेलेली. उठायचं तर माझा हात लागायचा. ते हाक मारत नसत. लूमच्या खडखडाटात हाक पोचत नाही, म्हणून त्यांच्या कारखान्यात आडवं सूत नेणारा लाकडी धोटा लोखंडावर ठोकून एकमेकांना बोलवायचे. तसला एक जुना धोटा अण्णांच्या उशाशी असायचा. खाटेच्या दांड्यावर दोन ठोके — म्हणजे ये.

तो शुक्रवार होता. लूमना सुट्टी, गल्ली गप्प. बायको बाजारात गेलेली, मी टाकीची काच पुसत होतो. दोन ठोके पडले. मी ऐकले — हो, नीट ऐकले. पुन्हा दोन. सकाळपासूनची चौथी खेप. मला राग आला. मी काच पुसत राहिलो. मग ठोके थांबले, आणि मला काय वाटलं? बरं वाटलं.

मग धप्पकन आवाज आला.

एकटेच उठायला गेलेल्या अण्णांचं खुब्याचं हाड मोडलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगितलं — फिल्टरचा आवाज. अण्णा समोरच पडलेले असायचे. तेही म्हणायचे, "त्याचा काय दोष न्हाय. मशीनचा आवाजच लय हाय."

सगळ्यांना पटलं. पण तीस वर्षं एवढ्या लूमच्या गोंगाटात ज्यांना दोन ठोके ऐकू आले, त्यांना एका फिल्टरचा आवाज केवढा असतो हे कळत नव्हतं?

त्यानंतर अण्णा आठ महिने जगले. धोटा उशाशीच होता. त्यांनी तो एकदाही वाजवला नाही.